वयाच्या मानानं

‘वयाच्या मानानं बरं आहे.’

हे वाक्य आपण कुठं वापरतो? आजोबा तीन मजले चढून वर आले की. डॉक्टर रिपोर्ट बघून मान हलवतात तेव्हा. लग्नाच्या वरातीत आत्याबाई दोन पावलं नाचल्या की. वाक्य प्रेमाचं असतं. ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याला मात्र ते कधीच आवडत नाही.

कारण त्यात सूट दडलेली असते. गिऱ्हाइकाला सूट दिली की तो खूश होतो. कलावंताला दिली की त्याचा माल शिळा झाला, असं आपण चारचौघांत सांगितलेलं असतं.

२० ऑक्टोबर २०२३ ला रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम आला आणि ही सूट घाऊक भावात वाटली गेली.

गायक मिक जॅगर ८०. गिटारवाला कीथ रिचर्ड्स ऐंशीला दोन महिने कमी. दुसरा गिटारवाला रॉनी वुड ७६. स्वतः रचलेल्या गाण्यांचा याआधीचा अल्बम ‘अ बिगर बँग’, २००५ चा. मध्ये गेली १८ वर्षं. त्या वर्षी पाळण्यात असलेलं पोर तोवर मतदान करायला निघालं.

या अल्बमबद्दल जे बोललं गेलं ते आठवून पाहा. आधी वय. मग नातवंडं-पतवंडं. मग जॅगरची कंबर अजून किती बारीक आहे ते. गाणी सगळ्यात शेवटी, जागा उरली तर.

गाण्याचा जन्मदाखला मागितला कुणी?

हा रोग जुना आहे. १९८९ मध्ये याच बँडचा ‘स्टील व्हील्स’ आला. त्याआधी जॅगर आणि रिचर्ड्स यांचं इतकं बिनसलं होतं की बँड मोडला असंच लोक धरून चालले होते. तोही पुनरागमनाचाच अल्बम. तेव्हा टवाळांनी नावावर कोटी केली: ‘स्टील व्हीलचेअर्स’. जॅगरचं वय किती होतं? ४६.

शेहेचाळिशीतल्या माणसाला चाकाच्या खुर्चीत बसवणारे आता कुठं असतील कोण जाणे. तो माणूस २०२४ मध्येही मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता.

थोडी चूक जॅगरचीही. पंचेचाळिशीत आपलंच ‘सॅटिस्फॅक्शन’ गात बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तरुणपणी तोच बोलून गेला होता. रॉक म्हणजे पोरासोरांचं काम, ही समजूत रॉकवाल्यांनीच पसरवली. म्हातारपण आलं तेव्हा ती त्यांच्याच दारात उभी राहिली.

जीभ तरुण असते तेव्हा फार पुढचं बोलू नये.

आता मुद्द्याचा प्रश्न. अठरा वर्षं लागली कशाला?

हात थांबले होते म्हणावं तर तसं नाही. ‘अ बिगर बँग’ची सफर २००५ ते २००७ चालली. कमाई ५५ कोटी डॉलरच्या वर. त्या काळातला जागतिक विक्रम. फेब्रुवारी २००६ मध्ये रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर फुकट मैफल केली, तर दहा लाखांहून जास्त माणसं जमली. मार्च २०१६ मध्ये हवानात वाजवलं. मंच सुटला नव्हता, गर्दी सुटली नव्हती. सुटला होता तो फक्त नव्या गाण्याचा हात.

दरमहा पेन्शन वेळेवर जमा होत असताना नोकरीचा अर्ज कोण भरतो?

आणि पेन्शन कोण देत होतं? आपण.

हा आळ एकट्या स्टोन्सच्या माथी मारू नका. २००२ मध्ये त्यांनी ‘फॉर्टी लिक्स’ काढला. दोन सीडी, ४० गाणी. त्यातली नवी चार. त्यानिमित्तच्या सफरीत एप्रिल २००३ मध्ये ते पहिल्यांदा भारतात आले. बंगळूरला वाजवलं, मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवलं. चर्चगेटला उतरून मैदानाकडे निघालेल्या गर्दीला काय ऐकायचं होतं? ती चार नक्कीच नव्हे.

कुठल्याही जुन्या बँडच्या मैफलीला जा. मंचावरून आवाज येतो: आता एक नवं गाणं. त्या क्षणी लोक उठतात. अर्धे बिअरच्या काउंटरकडे, अर्धे स्वच्छतागृहाकडे. जुन्या गाण्याची पहिली सुरावट वाजली की धावत परत.

आणि ‘हल्ली हे लोक नवीन काही करत नाहीत’ असा गळा काढणाराही याच रांगेत उभा असतो.

आपल्याला कलावंत नको असतो. आपल्याला आपली विशी परत हवी असते. ती देणारा माणूस मंचावर हवा, आणि त्यानं पंचवीस वर्षांपूर्वीच्याच सुरात, त्याच चालीत ती द्यायला हवी. याला चाहतेपण म्हणायचं?

याला वसुली म्हणतात.

डिसेंबर २०१५ चा किस्सा बघा. लंडनच्या चिझिक भागातला ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओ. बँड जमला होता नव्या गाण्यांसाठी. गाडी अडली. हात मोकळे करायला म्हणून एक जुनं ब्लूज वाजवलं. मग दुसरं. मग तिसरं. तीन दिवसांत बारा गाणी झाली आणि ‘ब्लू अँड लोनसम’ हा अल्बम तयार झाला. बाराच्या बारा गाणी दुसऱ्यांची.

अल्बम खणखणीत आहे. त्याला ग्रॅमीही मिळालं. पण त्यातून कळलं काय? सत्तरी उलटलेली माणसं तीन दिवसांत बारा गाणी वाजवू शकतात. म्हणजे बोटं ठीक, गळा ठीक, ठेका ठीक. बिघाड पुढच्या पायरीवर होता.

स्वतःचं गाणं पुरं करायची पायरी. सुरुवाती ढीगभर पडलेल्या. पूर्णविराम फार थोडे.

मग २४ ऑगस्ट २०२१ ला चार्ली वॉट्स गेला. ८० वर्षांचा. १९६३ च्या जानेवारीपासून या बँडच्या पाठीशी ड्रमवर बसलेला माणूस. जागचा न हलणारा, तोंडावर रेष न उमटू देणारा, मनातून जॅझवाला. पुढच्या दोघांनी साठ वर्षं जी धावपळ केली, ती याच्या भरवशावर.

मरण तारीख विचारून येत नाही. मागे राहिलेल्यांना मात्र ते तारीख ठरवायला लावतं.

२०२२ चा उन्हाळा. बँडच्या साठाव्या वर्षाची युरोपातली सफर संपली. जॅगरनं रिचर्ड्सला गाठलं आणि दिवस ठरवून टाकला: १४ फेब्रुवारी २०२३. व्हॅलेंटाइन डेच्या आत गाणी पुरी करायची. वर्षअखेरीला बँड स्टुडिओत बसला. वीसहून जास्त गाणी उभी राहिली. त्यातली बारा निवडली.

अठरा वर्षं जे कोडं सुटत नव्हतं, ते काही आठवड्यांत सुटलं. कुणाला साक्षात्कार झाला? कुणी हिमालयात जाऊन आलं?

भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक गोल केला. बस्स.

प्रतिभेबद्दल आपण फार जड बोलतो. ती येते, ती रुसते, तिची वाट पाहावी लागते. पाहा वाट. ज्यांना काम करायचं असतं ते तारीख लिहितात. नाटकवाल्याला विचारा, दिवाळी अंकाच्या संपादकाला विचारा, नऊवारी शिवायला घेतलेल्या शिंप्याला विचारा. मुहूर्त ठरला की हात चालतो.

उलटं उदाहरण हवं असेल तर गन्स अँड रोझेस आहेच.

स्वतःच्या गाण्यांचे दोन अल्बम १९९१ मध्ये एकाच दिवशी काढून या बँडनं जग हलवलं होतं. पुढचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम ‘चायनीज डेमॉक्रसी’ आला २००८ मध्ये. सतरा वर्षं. स्टुडिओ बदलले, निर्माते बदलले, गिटारवादक बदलले. गिटारवाला स्लॅश तर १९९६ मध्येच बाहेर पडला. खर्च १ कोटी ३० लाख डॉलरवर गेल्याचं न्यूयॉर्क टाइम्सनं २००५ मध्येच छापलं होतं, आणि तेव्हाही अल्बम बाहेर आलेला नव्हता.

२००८ मध्ये डॉ. पेपर या शीतपेयाच्या कंपनीनं जाहीर केलं: याच वर्षी अल्बम आला तर अमेरिकेतल्या माणसांना एक एक कॅन फुकट. अल्बम नोव्हेंबरात आला. फुकट कॅनसाठी कंपनीच्या संकेतस्थळावर अशी झुंबड उडाली की ते कोलमडलं.

सतरा वर्षांच्या मेहनतीचा सोहळा एका डब्यानं पळवला. पैसा होता, वेळ होता, गळा होता. ‘आता पुरे, हे झालं’ म्हणणारा कुणी नव्हता.

स्टोन्सना तो मिळाला. अँड्र्यू वॉट. जन्म १९९०. पॉल मॅकार्टनीनं सुचवलेला निर्माता. रेकॉर्डिंगच्या वेळी वय ३२, म्हणजे समोर बसलेल्यांच्या नातवाच्या वयाचा. स्टुडिओत रोज स्टोन्सचा नवा टी-शर्ट घालून यायचा. भक्तच.

भक्तानं काय करायला हवं होतं? आपल्या रिवाजाप्रमाणं हात जोडून कोपऱ्यात उभं राहायला हवं होतं. ‘वा बुवा’ म्हणत बसायला हवं होतं.

यानं घाई केली. गाणं थंड व्हायच्या आत पुढचं लावलं. आणि ‘अँग्री’, ‘गेट क्लोज’, ‘डिपेंडिंग ऑन यू’ या तीन गाण्यांवर जॅगर-रिचर्ड्स या जोडीच्या शेजारी त्याचं नाव लागलं. साठ वर्षांच्या त्या बंद दारातून बाहेरचं माणूस क्वचितच आत गेलं आहे.

ज्येष्ठांचा मान राखायचा म्हणजे त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. शाल आणि श्रीफळ हातात ठेवलं की माणूस घरी जातो.

आता अल्बमच्या नावाकडे बघा. हॅकनी हा लंडनच्या पूर्वेकडचा भाग. शनिवारी रात्री कुणीतरी तुमच्या मोटारीची काच फोडतं. सकाळी फुटपाथवर काचेचा चुरा चमकत पडलेला असतो. त्या चुऱ्याला तिथल्या बोलीत म्हणायचं हॅकनीचे हिरे. अल्बमची पहिली चाहूल लागली तीही हॅकनी गॅझेट या स्थानिक वृत्तपत्रातल्या एका छोट्या जाहिरातीनं. जाहिरात होती काच दुरुस्तीच्या दुकानाची. मजकुरात स्टोन्सच्या जुन्या गाण्यांची नावं पेरलेली.

साठ वर्षांनी नाव सुचलं ते फुटलेल्या काचेवरून. सुवर्णमहोत्सव, अमृतमहोत्सव, हीरकमहोत्सव असली झूल अंगावर घेतली नाही. एवढ्यासाठीच मला हा अल्बम आवडायला सुरुवात झाली.

आता जरा जवळ जाऊन ऐकू. हेडफोन लावा.

आधी रिचर्ड्सची गिटार. हा माणूस सहा तारांच्या गिटारवरची सगळ्यात जाड तार काढून टाकतो आणि उरलेल्या पाच वेगळ्या सुरात लावतो. कुठलीही तार न दाबता हात फिरवला तरी अख्खा कॉर्ड वाजतो. मग दोन बोटं, थोडी जागा, आणि बराच वेळ काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’मध्ये स्टोन्स राहतात.

आता त्या बोटांना संधिवात आहे. सांध्यांच्या गाठी फोटोतही दिसतात. त्यानं स्वतःच सांगितलं की वाजवण्याची ढब बदलावी लागली. पूर्वी जिथं बोट जायचं तिथं आता जात नाही, म्हणून ते दुसरीकडून वाट काढतं.

याला ऱ्हास म्हणायचं असेल तर म्हणा. मला त्यात शोध दिसतो. पाच तारा होत्या, त्यातही काटकसर आली. आणि जे उरलं ते नेमकं आहे.

मग चार्ली. २०१९ मध्ये त्यानं वाजवून ठेवलेली दोन गाणी या अल्बममध्ये आहेत: ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’. बाकीकडे ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन आहे आणि तो चोख वाजवतो. पण चार्लीची खूण वेगळी.

बहुतेक ड्रमवाले काय करतात? उजव्या हातानं हाय-हॅटच्या झांजांवर एकसारखं टिक-टिक-टिक-टिक, आणि डाव्या हातानं स्नेअरवर टोला. टोला पडतो तेव्हा झांजही वाजते. चार्ली त्या क्षणी उजवा हात उचलून घ्यायचा. झांज गप्प. टोला एकटा. इतका छोटा भाग. निम्म्या क्षणाची विश्रांती.

त्या विश्रांतीमुळं गाण्याला श्वास मिळतो. साठ वर्षं जग याला ‘स्टोन्सचा झोका’ म्हणत आलं. तो एका उचललेल्या मनगटात होता.

‘लिव्ह बाय द स्वोर्ड’मध्ये बेसवर बिल वायमन आहे. १९९३ मध्ये बँड सोडलेला, अल्बम आला तेव्हा ८६ वर्षांचा. चार्लीच्या ठेक्याखाली पुन्हा एकदा त्याच जुन्या जोडीदाराचा बेस. दोघांपैकी एक हयात नाही. गाण्यात दोघंही आहेत. वर एल्टन जॉनचा पियानो.

इथं रडकं व्हायोलिन आणता आलं असतं. श्रद्धांजलीचे चार शब्द घालता आले असते. त्यांनी काय केलं? गाणं जोरात वाजवलं.

या अल्बमनंतर दोन आठवड्यांतच, २ नोव्हेंबर २०२३ ला, बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ आलं. जॉन लेननची सत्तरच्या दशकातली घरगुती कॅसेट, तिच्यातून यंत्रानं सोडवून घेतलेला आवाज, भोवती बाकीच्यांचं वादन. ऐकताना घसा दाटतो. माझाही दाटला. पण तो निरोप आहे. ‘हॅकनी डायमंड्स’ हा कामाचा दिवस आहे.

दोन्हींचं कौतुक करा. दोन्ही एकाच पेटीत टाकू नका.

बीटल्स आणि स्टोन्स यांच्यात भांडण लावून साठ वर्षं लोकांनी पोटं भरली. १९६३ मध्ये स्टोन्सना दुसरी तबकडी काढायची होती, तेव्हा गाणं लेनन आणि मॅकार्टनी यांनीच दिलं होतं. आता ‘बाइट माय हेड ऑफ’मध्ये मॅकार्टनी बेस वाजवतो. आणि कसा? खरखरीत, करकरीत, जणू गॅरेजमध्ये पहिल्यांदा वायर जोडली आहे.

चाहत्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. मालकांचं कधी नव्हतंच.

‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ तर सात मिनिटांच्या वर चालतं. स्टीव्ही वंडर कीबोर्डवर. हाच माणूस १९७२ मध्ये स्टोन्सच्या अमेरिका सफरीत त्यांच्याआधी मंचावर यायचा. सोबत लेडी गागा. गाणं शेवटाला येतं, थांबतं, संपलं असं वाटतं. आणि मग पुन्हा हळूच उठतं. जॅगर एक सूर फेकतो, गागा तो झेलून वर नेते, तो आणखी वर जातो. दोघांमध्ये चाळीसहून जास्त वर्षांचं अंतर. कुणी कुणाला सांभाळून घेत नाही.

सांभाळून घेतलं असतं तर गाणं मेलं असतं.

आता दुसरी बाजू. सूट द्यायची नाही म्हटलं की ती दोन्हीकडून नाही.

अल्बमचा आवाज जास्तच चकाचक आहे. वॉटनं प्रत्येक गोष्ट पुढं आणून ठेवली आहे. स्टोन्सच्या १९७२ च्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ची मजा तळघरातल्या त्या दमट गोंधळात होती. गायक कुठंतरी मागं, गिटारी एकमेकींच्या अंगावर, सगळं थोडं मळकट. इथं सगळ्यांनी अंघोळ केली आहे.

‘अँग्री’ची पहिली पकड उत्तम. पण तीन मिनिटांच्या रुसव्या-मनधरणीपलीकडे ते जात नाही. ‘ड्रायव्हिंग मी टू हार्ड’ जुन्या दिवसांची आठवण करून देतं आणि तिथंच रेंगाळतं. आपल्याच पाऊलखुणांवर पाय ठेवत चालायला कुणालाही जमतं.

‘होल वाइड वर्ल्ड’ मात्र वेगळं. लंडनमधल्या कळकट भाड्याच्या खोलीचे दिवस जॅगर आठवतो, पण गहिवरत नाही. दातओठ खाऊन आठवतो. ‘टेल मी स्ट्रेट’मध्ये रिचर्ड्स गातो. आवाज फाटका, प्रश्न थेट. तीन मिनिटांच्या आत संपतं, आणि म्हणून मागं राहतं.

बारातली सहा-सात गाणी मी पुन्हा लावतो. हा हिशेब मी तिशीतल्या बँडलाही लावला असता. तेवढाच.

बाजाराला हिशेब कळत नाही, त्याला शिक्का कळतो. २०२४ ची उत्तर अमेरिकेतली सफर कुणी पुरस्कृत केली? एएआरपीनं. पन्नाशी उलटलेल्या अमेरिकनांसाठी काम करणारी संघटना. चाहते त्या वयाचे आहेत, हे खरं. पण त्याच सफरीत ‘अँग्री’ आणि ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ वाजली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ज्येष्ठ नागरिक गटात नाही. खुल्या गटात.

खरं तर मराठी कानाला हे समजावून सांगायची गरजच पडू नये.

आपल्याकडे ख्याल गाणारा साठीला आला की आपण म्हणतो, आता गाणं पिकायला लागलं. सत्तरीत म्हणतो, आता रंग चढला. किशोरी आमोणकर २०१७ मध्ये गेल्या तेव्हा ८४ वर्षांच्या होत्या आणि अखेरच्या दिवसांपर्यंत गात होत्या. त्यांच्या मैफलीतून बाहेर पडताना ‘वयाच्या मानानं’ हे शब्द उच्चारायची छाती कुणाची होती?

मग गिटार गळ्यात अडकवली की तोच माणूस म्हातारा कसा होतो?

रॉकची आई ब्लूज. आणि ब्लूजमध्ये वय ही पात्रता असते. भोगलं किती, त्यावर गाणं ठरतं. मडी वॉटर्सचंच बघा. शिकागोच्या विजेच्या ब्लूजचा हा बाप. सत्तरच्या दशकात लोकांनी त्याला आदरानं अडगळीत टाकलं होतं. १९७७ मध्ये जॉनी विंटर या बत्तिशीतल्या गिटारवाल्यानं त्याचा ‘हार्ड अगेन’ बनवला. साठी ओलांडलेला मडी त्यात वाघासारखा गातो.

तेव्हाही निर्माता बत्तीसचा. आताही बत्तीसचा. तेव्हाही त्यानं देव्हारा बांधला नाही, माइक लावला.

आता शेवटच्या गाण्याकडे येतो. सगळं त्यासाठीच लिहीत आलो.

ऑक्टोबर १९६१. लंडनजवळच्या डार्टफर्ड गावाचं रेल्वे स्टेशन. प्लॅटफॉर्मवर दोन पोरं समोरासमोर येतात. शाळेत लहानपणी एकमेकांना ओळखत होती, मग वाटा फुटल्या. एकाच्या काखेत तबकड्या आहेत. चक बेरी आणि मडी वॉटर्स. इंग्लंडच्या दुकानात सहज न मिळणाऱ्या, शिकागोहून टपालानं मागवलेल्या. दुसऱ्याची नजर आधी माणसावर जात नाही, तबकड्यांवर जाते.

जॅगर आणि रिचर्ड्स यांची दोस्ती इथली. मध्ये मडी वॉटर्स.

पुढच्या वर्षी जाहिरातीसाठी फोनवर बँडचं नाव विचारलं गेलं. नाव ठरलेलंच नव्हतं. बँडमधल्या ब्रायन जोन्सची नजर जमिनीवर पडलेल्या मडीच्या तबकडीवर गेली. त्यात एक गाणं होतं, १९५० चं, ‘रोलिन स्टोन’. तेच नाव सांगून टाकलं.

ज्या गाण्यानं नाव दिलं, ते गाणं या बँडनं साठ वर्षं कधी रेकॉर्ड केलं नव्हतं.

‘हॅकनी डायमंड्स’मधलं बारावं गाणं ते आहे. इथं त्याचं नाव ‘रोलिंग स्टोन ब्लूज’. ड्रम नाही. बेस नाही. मॅकार्टनी नाही, गागा नाही, एल्टन नाही. एक गिटार, एक माउथ ऑर्गन, एक गळा. डार्टफर्डच्या प्लॅटफॉर्मवरची तीच दोन पोरं. रिचर्ड्सची बोटं तारेवर घासतात ते ऐकू येतं. जॅगर माउथ ऑर्गनमध्ये श्वास ओढतो, तो ओढलेला श्वासही ऐकू येतो. कुठलाही चकचकीतपणा नाही.

अठराव्या वर्षी त्यांनी हे गायलं असतं तर ती नक्कल झाली असती. गोऱ्या पोरांनी केलेली मडीची नक्कल. हे त्यांना बहुधा ठाऊक होतं. म्हणून थांबले असावेत. गाणं पेलायला साठ वर्षं, एक गेलेला मित्र आणि वाकडी झालेली बोटं लागली.

अल्बमच्या शेवटी हे गाणं ठेवून त्यांनी स्वतःच माप पुढं केलं आहे. नवख्यांशी तुलना नको, आमच्या पस्तिशीशी नको, पुरस्कारांशी नको. ज्याची तबकडी काखेत घेऊन निघालो होतो, त्याच्याशी करा.

मी केली. दोन्ही गाणी एकामागून एक लावली. आधी १९५० चं, मग २०२३ चं. मडी अजून वर आहे. पण दुसरं गाणं त्याच्या शेजारी मान ताठ ठेवून उभं राहतं.

वयाच्या मानानं नाही. मडी वॉटर्सच्या मानानं.